ओव्रेलीदच्या पानावरची तारीख

अस्लाक ओव्रेलीद सोळा वर्षं संसदेत होता, त्यातली दोन मंत्री म्हणून. त्याआधी आणि त्यानंतर विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक. एवढं सगळं करून माणूस म्हातारपणी काय करतो? भाड्याच्या घरात एकटा बटाटे उकडत बसतो. बायको गेल्यावर ओस्लो सोडून तो आपल्या दरीत परत आला, त्याला आता तीन वर्षं झाली होती. लोक रस्त्यात भेटले की मान हलवत, पण घरी कुणी येत नसे. दोन किलोमीटरवर ओव्रेलीद या घरच्याच शेतावर त्याचा सख्खा धाकटा भाऊ हालवर्द राहायचा. तो तर मानही हलवत नसे. दोघांत बत्तीस वर्षांचा अबोला होता.

दिवस ढकलायला म्हणून अस्लाकनं गावाचं पुस्तक लिहायला घेतलं. दरीतलं एकेक शेत, तिथं कोण जन्मलं, कुणाशी लग्न केलं, कोण अमेरिकेला गेलं, कोण कधी मेलं. अशी एकशे चौदा शेतं. चर्चच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्याशिवाय तो एक तारीख लिहीत नसे. मेलेल्याच्या नावापुढे बारीक क्रूस काढायची रीत. ते क्रूस तो स्वतःच्या हातानं काढायचा. छापायच्या आधी प्रत्येक शेताचं पान त्या त्या घरी वाचायला जाई आणि घरची माणसं पेन्सिलीनं चुका दुरुस्त करून ते परत पाठवत.

पानं नेण्या-आणण्याचं काम वाचनालयातल्या रांदीकडे होतं. ऑक्टोबरातल्या एका सकाळी तिनं ओव्रेलीदचं पान त्याच्यापुढे ठेवलं.

"घे. तुझ्या भावानं दिलंय."

"काही बोलला?"

"हालवर्द? तो बोलला असता तर मी आधी हवामान खात्याला कळवलं असतं."

खरं सांगायचं तर या एका पानासाठीच अस्लाकनं पुस्तकाचा घाट घातला होता. भावाबद्दल त्यानं शब्द न शब्द तोलून लिहिलं होतं: त्यानं बांधलेला गोठा, राखलेल्या मेंढ्या, म्हाताऱ्या आईची केलेली सेवा. परत येताना एखादी ओळ येईल, शिवी का असेना, अशी त्याला आशा होती. पानावर एकच खूण होती. आईच्या मृत्यूची तारीख, १२ मार्च १९७९, खोडून वर लिहिलं होतं: ११.

अस्लाकचं डोकं फिरलं. तो दिवस तो विसरणं शक्यच नव्हतं. बारा मार्चला त्यानं संसदेत दरीतल्या बोगद्यासाठी भाषण केलं होतं. तेव्हा हिवाळ्यात हिमकडे कोसळून रस्ता आठवडाच्या आठवडा बंद पडे, डॉक्टरही पोचत नसे. बोगदा थोडक्या मतांनी मंजूर झाला आणि संध्याकाळी हालवर्दचा फोन आला, "आई गेली." एवढंच. दफनानंतर घरी सगळे कॉफीला जमले असताना अस्लाक तीस माणसांसमोर कडाडला होता, "ती जाणार हे तुला दिसत होतं. तू मुद्दाम कळवलं नाहीस. तुला ती एकट्याला हवी होती!" हालवर्दनं हातातली बशी खाली ठेवली आणि तो गोठ्यात निघून गेला.

"नोंदवही बघितलीस का?" रांदीनं विचारलं.

बघितली नव्हती. एकशे तेरा शेतांवरच्या आया त्यानं नोंदवहीत शोधल्या होत्या, स्वतःची तेवढी आठवणीतून लिहिली होती. रांदीबरोबर जाऊन त्यानं ती उघडली. पाद्र्याच्या स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: अकरा मार्च, सकाळी.

तिथून तो तडक ओव्रेलीदला चालत गेला. दाराशी बूट काढले आणि मोज्यांवर स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. हालवर्द पावावर चीज ठेवत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"अकराला गेली ती," अस्लाक म्हणाला.

"हो."

"आणि तू मला बाराला कळवलंस."

"तिनंच तसं सांगितलं होतं. म्हणाली, त्याचं भाषण होऊ दे. आधी कळलं तर तो सगळं टाकून येईल आणि बोगदा राहील." हालवर्दनं पाव खाली ठेवला. "दुसऱ्या दिवशी शेजारपाजारचे आले. इथंच बसून रेडिओवर तुला ऐकलं. ती आत होती, तिचं दार आम्ही उघडं ठेवलं होतं. तिलाही ऐकू जावं म्हणून. येड्यासारखं, पण ठेवलं."

अस्लाक बाकावर बसला. म्हणजे त्या दिवशी कॉफीला जमलेल्या सगळ्यांना हे माहीत होतं. एक तो सोडून.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? तू सांगत होतास."

बाहेर मेंढ्या ओरडत होत्या.

"माझं चुकलं, हालवर्द."

"हं. पण तू ते तीस माणसांसमोर म्हणाला होतास."

"त्यांच्यासमोर परत घेतो. सगळ्यांना बोलावतो, माझ्या घरी."

"बोलाव की."

अस्लाक एकेक नाव आठवू लागला. नाव आठवलं की त्याला स्वतःच्या हातचं पान दिसे आणि नावापुढचा क्रूस. ज्यांच्यापुढे क्रूस नव्हता, ती माणसं बोगदा झाल्यावर त्याच बोगद्यातून शहरात निघून गेली होती, तीही कुठल्या वर्षी ते त्यानंच लिहिलं होतं. शेवटच्या नावापर्यंत तो पोचला.

"कुणीच उरलं नाही रे."

"मला काय सांगतोस. निम्म्यांना मीच खांदा दिलाय." हालवर्दनं पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. "मलाच सांग. पण मोठ्यानं सांग, मला आता ऐकू कमी येतं."

सोळा वर्षं संसद गाजवलेला माणूस मोज्यांवर उभा राहिला. त्या रिकाम्या स्वयंपाकघरात त्याला आपलाच आवाज परका वाटला.

"माझ्या भावानं मला आईपासून तोडलं नाही," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

"आणखी मोठ्यानं," हालवर्द म्हणाला.