दार बसवल्याचा गुन्हा

साहेब, आम्हाला घराबाहेर मालकाने काढलं नाही, तुम्ही काढलंत. मालकाने वर्षभर जंग जंग पछाडलं, त्याला जमलं नाही. तुमच्या भाडेकरू संरक्षण कक्षाने ते एका भेटीत करून दाखवलं.

माझा नवरा सुतार. आमचं भाडं कधी थकलं नाही, शेजाऱ्यांशी कधी वाजलं नाही. सासूबाईंची उजवी बाजू लुळी पडली तेव्हापासून त्या पुढच्या खोलीत खाटेवर असतात. मागची खोली इतकी चिंचोळी की तिथे खाट मावत नाही. भरवणं, पुसणं, कपडे बदलणं, सगळं खाटेवरच. जीभ जड झालीय, पण लाज जिथल्या तिथे आहे. माझ्यासमोर अंग उघडं पडलं तरी डाव्या हाताने चादर ओढतात.

मालकाला आम्ही साखऱ्या म्हणायचो. माणूस कधी आवाज चढवायचा नाही. "वहिनी, जागा सोडा असं मी म्हणतोय का? विचार करा, एवढंच म्हणतोय." आम्ही विचार केला नाही. मग जिन्यातला दिवा गेला. मग नळ कोरडा पडला. आणि एके सकाळी नवरा कारखान्यात असताना दोन माणसं आली, आमचं दार बिजागऱ्यांतून उचकटलं आणि घेऊन गेली.

"रंगवायला नेतोय, वहिनी," साखऱ्या जिन्यातून म्हणाला. "वाळलं की आणतो."

"आणि तोवर?"

"तोवर हवा खेळेल की! आजींना बरं."

खाट दारासमोरच. वर जाणारा प्रत्येक जण आमच्या घरातून गेल्यासारखा जायचा. मी चादर बांधली, तर जिन्यातल्या वाऱ्याने ती छताला लागायची. एकदा मी सासूबाईंना पुसत होते आणि सामान पोचवायला आलेला एक माणूस "पत्ता हाच ना?" म्हणत उभा राहिला. पत्ता वरच्या मजल्याचा होता. तो बघत खालीच राहिला.

मी तुमच्या कक्षात आले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "दार नेणं म्हणजे सरळसरळ छळ. कायदा कडक आहे. आमचे तपासनीस येऊन डोळ्यांनी बघतील, मग मालकाची खैर नाही."

"कधी येतील?"

"येतील हो. तुमचं दार काय पळून जातंय?"

बोलून गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं, आणि शेजारच्या टेबलांवर हशा पिकला. मीही हसले. अडलेल्या माणसाला हसावं लागतं.

तपासनीस काही येईनात. आणि माझ्या नवऱ्याचे हात मोडकं काही दिसलं की शिवशिवतात. दुसऱ्याच्या घरी गेला तरी आधी डुगडुगत्या टेबलाखाली वाकतो, मग ख्यालीखुशाली विचारतो. आईसमोरचं ते भगदाड तो किती दिवस बघणार? त्याने कारखान्यातल्या उरलेल्या फळ्या मागून आणल्या. जुन्या चौकटीत वाळवीने भुसा करून ठेवला होता, म्हणून चौकटही नवी केली. दाराला खाटेच्या उंचीवर एक छोटी झडप ठेवली. आईला वाटलं तर बाहेरचं दिसावं, बाहेरच्याला आतलं दिसू नये.

दार लागलं तेव्हा सासूबाई कितीतरी दिवसांनी मोठ्याने बोलल्या. "लाव. आता उघड. परत लाव."

हा आपला हसत उघडतोय, लावतोय.

मग तुमचे तपासनीस आले. मागे साखऱ्या, हात पाठीशी बांधून.

"दार नाही अशी तक्रार आहे," तपासनीस म्हणाले आणि दारावर टकटक केलं. "मग हे काय आहे?"

"हे यांनी नंतर बसवलं," मी म्हटलं. "मालकाने नेलेलं वेगळं."

"म्हणजे आज दार आहे."

"आज आहे, पण..."

"मी आजचं बघायला आलोय, बाई." त्यांनी दार लोटून पाहिलं. आवाज नाही, धक्का नाही. "काम मात्र झकास. कुणी केलं?"

मी नवऱ्याचा शर्ट मागून ओढला. पण जन्मभर याने राबायचं आणि नाव कारखानदाराचं व्हायचं. काम कुणी केलं, असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"मीच, साहेब! चौकटसुद्धा नवी घातलीय. जुनी पार काढून टाकली. हात फिरवून बघा, सांधा सापडणार नाही."

तपासनिसांनी खरंच हात फिरवला.

"साहेब," साखऱ्या हळूच म्हणाला, "चौकट माझ्या इमारतीची होती. मला एका शब्दाने विचारलं नाही हो."

तपासनिसांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. मी शपथेवर सांगते, कळलं होतं.

"परवानगी घेतली होती का?"

"ज्याने दार पळवलं त्याच्याकडे परवानगी मागायची?"

"हो की नाही, एवढंच सांगा."

"नाही."

तुमचा निकाल आला. छळ आढळून आला नाही. भाडेकरूने विनापरवानगी बांधकामात फेरफार केला, सबब संरक्षण लागू नाही. साखऱ्याने त्या जोरावर जागा खाली करण्याचा हुकूम मिळवला. आणि तो बजावायला आली तुमचीच माणसं.

"आधी जागा होती तशी करून द्या," ती म्हणाली. नवऱ्याला आपलं दार आपल्याच हाताने काढावं लागलं. स्क्रू बोटांतून गळत होते.

"जपून हं, कारागीर," साखऱ्या म्हणाला. "भिंतीला ओरखडा नको."

सासूबाईंना खुर्चीत बसवून तुमच्या दोघा माणसांनी जिन्यावरून उतरवलं. चादर अर्धी सरकलेली, आणि प्रत्येक मजला बघायला उभा. खालच्या पायरीवर आम्हाला आमचं जुनं दार भेटलं. साखऱ्याची माणसं ते वर घेऊन चालली होती. रंगाचं बोटसुद्धा त्याला लागलेलं नव्हतं.

आता आम्ही तुमच्याच निवारागृहात आहोत. लांबलचक हॉल, खाटेला लागून खाट, बाया, बाप्ये, पोरं, सगळे एकत्र. नवरा म्हणाला, मी फळ्यांचा आडोसा उभा करतो. व्यवस्थापक म्हणाला, इथे खिळा ठोकायचा तर वरून मंजुरी लागते. नवरा तेव्हापासून हात मांडीवर टाकून बसून असतो. मोडकं स्टूल दिसलं तर तोंड फिरवतो.

आणि सासूबाई पाणी पीत नाहीत. चमचा नेला की ओठ घट्ट. प्यायलं तर ओलं होणार, ओलं झालं तर सगळ्यांदेखत बदलावं लागणार. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील. काल मी त्यांचं नाक दाबलं. श्वासासाठी तोंड उघडलं तसं पाणी ओतलं. त्यांनी ते माझ्या तोंडावर थुंकलं आणि रडायला लागल्या.

मी परत तुमच्या खिडकीशी आले, एका पडद्यासाठी. त्याच बाई. "तुम्ही आता भाडेकरू नाही. आमच्या कक्षात बसत नाही."

मग कुठे बसतो ते सांगा, साहेब. तुमच्या केबिनला दार आहे, ते आतून लागतं, मी पाहिलंय. एका म्हातारीने चारचौघांत उघडं न पडता पेलाभर पाणी प्यावं, हे काम कुठल्या टेबलावर होतं? टेबल दाखवा. मला पुढची तारीख नको, उत्तर हवंय, आणि आत्ता हवंय. तिकडे तिचे ओठ फुटलेत.