पुढची दोरी

मान डोलवायला काय लागतं? निस्तरताना कळतं.

सकाळी हजेरी घेताना दिघे बाईंनी विचारलं, "मिसबा, आज तुझा रोजा असेल ना?" एवढ्या कौतुकानं विचारलं, की मिसबानं मान डोलावली. खरं तर परीक्षा होईपर्यंत रोजे नाहीत, असं बजावून अम्मीनं दप्तरात डबा कोंबला होता. "शिका जरा!" बाई वर्गाला म्हणाल्या. "आणि तिच्यासमोर कोणी खायचं नाही."

मधल्या सुट्टीत अख्खी सातवी डबे घेऊन व्हरांड्यात गेली. मिसबा वर्गात एकटीच, दप्तरातल्या खिम्याचा वास घेत बसली.

कोथरूडच्या त्या शाळेत शनिवारी शर्यत होती. बर्फातल्या कुत्र्यांच्या गाड्यांचा धडा झाल्यापासून पोरं पेटली होती. फ्रिजच्या खोक्याची घसरगाडी, चार जण कुत्री, एक हाकणारा. पळण्यात मिसबाचा हात धरणारं कोणी नव्हतं. सगळ्यात पुढची दोरी तिचीच, हे महिनाभर ठरलेलं होतं.

"उपाशीपोटी कशी पळेल ती?" चेतन म्हणाला. "गाडीवर बसू दे. हाकेल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिसबाची दोरी पायलच्या कमरेला बांधली गेली. पायल बस सुटत असली तरी पळत नाही!

सुट्टीनंतर हॉलमध्ये तालीम झाली. ओझं म्हणून मिसबाचं दप्तरही गाडीवर ठेवलं होतं. पहिल्याच वळणाला ते कलंडलं आणि डबा घरंगळत बाईंच्या पायाशी गेला. सुटले एकदाची, असं मिसबाला वाटलं. आता बोलणी खाऊ, पण दोरी परत मिळेल.

"डबा? भरलेला?" बाईंनी विचारलं.

मिसबानं तोंड उघडलं, तोवर पायल बोललीसुद्धा. "बाई, एजाजचा असेल. तिचा भाऊ, दुसरीतला."

"स्वतः उपाशी, आणि भावाचा डबा वागवतेस!" बाईंनी डबा उचलून छातीशी धरला. "थांब, मीच देऊन येते त्याला."

डबा गेला. दोऱ्या ताणल्या, गाडी सरकली. मिसबाच्या पोटात भुकेनं आग पडली होती.

"थांबा!" ती ओरडली.

चौघंही जागच्या जागी थांबली. हाकणाऱ्याचं ऐकायचं, हा नियमच होता. माना वळवून सगळे तिच्याकडे बघत राहिले, पुढचा हुकूम काय म्हणून. पायल तर दमली असूनही हसत होती.

"चला," मिसबा म्हणाली.

पायल वळली आणि पळू लागली, अगदी हळू.