रेशमाजोगे हात

रफूवालीने सुई वर ओढली आणि सुईच्या दोऱ्याबरोबर झग्याच्या रेशमाचाही एक धागा वर आला. तो सुईला नव्हे, तिच्या अंगठ्याला अडकला होता. अंगठ्याच्या पेरावर उभी भेग पडली होती आणि तिच्या कडा खरखरीत होऊन वर आल्या होत्या. तिने श्वास रोखून धागा सोडवला, पडलेली ओढ नखाने हळूहळू कापडात परत जिरवली आणि चोरून वर पाहिलं. मालकीणबाई बघत होत्याच. त्यांच्या नजरेतून आजवर काही सुटलंय थोडंच?

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं. त्यांनी तो झगा उचलून मलमलीत गुंडाळला आणि काही दिवस लोकरीचे कोट बघा म्हणाल्या. हात बरे झाले की रेशीम तुमचंच. नाही झाले, तर लग्नाच्या मोसमाच्या आधी रेशमासाठी दुसरं कोणीतरी बघावं लागेल, हेही त्यांनी सांगितलं, अगदी हळू आवाजात. उभं आयुष्य रेशमावर बोटं फिरवलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक. ती कोट उसवत बसली.

आता कोणी म्हणेल, भेगा पडल्या तर मलम लावावं, एवढं काय त्यात! पण रफूच्या दुकानात मलम म्हणजे विषच. रेशमाला तुपकट बोट लागलं की तो डाग कापडाबरोबरच जायचा. घरी मलम लावून बघितलं, तर कामाला येताना साबणाने खसखसून धुवावं लागे आणि त्या धुण्याने भेगा आणखीच उलत. इकडे आड, तिकडे विहीर. त्वचेच्या डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले. रोग काही दिसत नाही म्हणाले, आणि मग विचारलं, जेवता काय? हा प्रश्न तिला जरा आगाऊपणाचाच वाटला. हात दाखवायला गेले, तर हा माणूस पोटाची चौकशी करतो!

ही तक्रार तिने वन्संकडे केली. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेच्या मुलांच्या खानावळीत रांधून रांधून त्यांची हयात गेलेली. नणंद-भावजयीत विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. या दोघींचंही बरीच वर्षं तसंच होतं. पण तिचा नवरा वारला, दोघी दोन गल्ल्यांत एकेकट्या उरल्या, आणि भांडायलासुद्धा एकमेकींशिवाय कोणी राहिलं नाही. तक्रार ऐकून वन्संनी डॉक्टरांचाच प्रश्न पुन्हा विचारला.

"दुपारी काय खातेस?"

"टोस्ट. फुटाणे. नाहीतर बिस्किटं."

"आणि?"

"आणि काय? बोटं तेलकट होऊन कसं चालेल, वन्सं?"

खोटं नव्हतं ते. जिच्या हाताखाली ती रफू शिकली, तीही दुपारी कोरडंच खायची आणि इतरांना तेच शिकवायची. पाण्याचा पेला टेबलाजवळ आणायचा नाही म्हणून पाणीही दिवसभर टाळायचं. पूर्वी संध्याकाळी घरी गेलं की नवऱ्यासाठी तरी धड काहीतरी शिजायचं आणि तिच्याही पोटात जायचं. आता एकटीसाठी चूल पेटवणं जिवावर येई. मग पुन्हा चहा आणि टोस्ट. रेशमाला जपता जपता ही बाई आतून बाहेरून कोरडी होत चालली होती, आणि तिला वाटत होतं दोष हवेचा आहे.

वन्संनी कपाळाला हात लावला. जगात चमचा नावाची एक वस्तू मिळते, ती तुमच्या दुकानात अजून पोचली नाही का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मग म्हणाल्या,

"हातावर पोट आहे ना तुझं? मग हातांना हवं ते पोटातूनच जाणार. दुसरी वाट नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं डबा घेऊन दुकानात हजर. डब्यात लोणी घालून शिजवलेला लाल भोपळा, पालक, उकडलेलं अंडं, मूठभर अक्रोड. संत्रं तर सोलून, फोडींच्या शिरा काढून आणलेलं, कारण सालीचा रस बोटांना लागला असता. आणि चमचा. डब्याचा तळ दिसेपर्यंत त्या समोर स्टूल टाकून बसून राहिल्या. वर दोन पेले पाणी प्यायला लावलं, तेही टेबलापासून दूर, दाराशी उभं करून. दुकानातल्या इस्त्रीवाल्याने विचारलंच, यांना पुन्हा शाळेत घातलंय का म्हणून. रफूवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वन्सं मात्र ढिम्म.

चार दिवसांत चमत्कार झाला असं कोणी समजू नये. कितीतरी दिवस काही म्हणजे काही झालं नाही. वन्संचा डबा मात्र चुकला नाही. कधी डाळ, कधी मासा, कधी गाजर, पण हिरवं काहीतरी रोज. हळूहळू रफूवालीला बारा वाजले की भूक लागायला लागली, जी तिला कधीच लागत नसे. मग भेगांच्या कडा मऊ पडल्या. मग त्या मिटल्या. जिन्यावर वन्संची पावलं वाजली की तिला भरून यायचं. आपण काय खाल्लं याची काळजी करणारं माणूस अजून या जगात आहे, एवढं एकच तिला पुन्हा पुन्हा वाटायचं, आणि ते वन्संना सांगायला मात्र जीभ रेटायची नाही.

एका दुपारी डबा संपायला आणि मालकीणबाई यायला एकच गाठ पडली. त्यांनी रफूवालीचा अंगठा धरून उजेडात नेला, त्यावरून स्वतःचं बोट फिरवलं आणि तोच मलमलीतला झगा पुढ्यात ठेवला. गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं. रफूवालीने झग्यावरून तळहात फिरवला. कुठे काही अडकलं नाही. तिचे डोळे भरले, आणि रेशमावर टिपूस पडू नये म्हणून तिने घाईने मान वळवली. समोर वन्सं बसल्या होत्या.

"वन्सं, हात लावून बघा ना. तुमच्यामुळे परत मिळालं हे."

"नको गं," वन्संनी दोन्ही हात मागे घेतले. "अडकेल."

रफूवालीला आधी वाटलं, थट्टा करतायत. मग तिने पुढे होऊन त्यांचा हात धरला. डोळे मिटूनसुद्धा तुटलेला धागा शोधणारी तिची बोटं. त्यांना सांगावं लागलं नाही. तळवा कानशीसारखा खरखरीत होता. प्रत्येक पेराला भेग, आणि एकीत तर रक्त सुकलेलं.

"हे कधीपासून?"

"असू दे. मला कुठे रेशीम शिवायचंय?"

"जेवता काय तुम्ही?"

वन्सं रिकाम्या डब्याकडे बघत राहिल्या. डबा भरला की भूकच मरते, म्हणाल्या. खानावळीतली सवय, दुसऱ्यांची ताटं वाढली की आपलं झालंच. घरी गेल्यावर घेते चहा आणि त्यात बुडवून काहीतरी. काय ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," रफूवाली म्हणाली.

तिने सुई पुन्हा उशीत टोचली, झग्यावर मलमल ओढली आणि उठून उभी राहिली. मालकीणबाईंनी आधी घड्याळाकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"रेशीम सकाळपर्यंत थांबेल, बाई," रफूवाली म्हणाली. "माझं माणूस उपाशी आहे."

बाई म्हणाल्या, गिऱ्हाइकाला मी सांगते, तुम्ही सकाळी तेवढं लवकर या. वन्सं जिनाभर कुरकुरत होत्या, की घरात भाजीचं पान नाही, आणि हे काय भलतंच, कामाच्या वेळी. रफूवाली हो हो म्हणत राहिली आणि त्यांचा हात तिने काही सोडला नाही.