गोगलगायीच्या नाकावरचं वजन

"काका, ट्रेलर जोडला की आमची गाडी आकाशाकडे बघत का चालते?"

प्रश्न भिंगरीचा नव्हताच मुळी. तो तिच्या दोन मैत्रिणींनी शाळेच्या फाटकापाशी रचला होता. "हिंमत असेल तर कमानवाल्या काकांना विचारून दाखव," अशी पैज लावून त्या दोघी आता समोरच्या फुटपाथवर दप्तराआड तोंड लपवून उभ्या होत्या. कमानवाले काका गाड्यांच्या स्प्रिंगा आणि शॉकअप बदलत. हात सोन्याचा, पण तोंडाला कायमचं कुलूप. गिऱ्हाइकाशी बोलायची त्यांची वाक्यं दोनच: "गाडी ठेवा" आणि "गाडी न्या".

सहा महिन्यांपूर्वी हीच भिंगरी दुकानात खोडरबर मागायलाही आईला पुढे ढकलायची. यंदा नववीत गेली आणि काय झालं कुणास ठाऊक, तिच्या जिभेला चाकं फुटली.

काकांनी पान्हा खाली ठेवला. फुटपाथवरची खुसखुस थांबली.

"नाकावर वजन किती?"

"कुणाच्या?"

"ट्रेलरच्या. तुमच्या गाडीच्या हुकावर टेकतं ना पुढचं टोक, ते त्याचं नाक. तिथे भार जास्त झाला की गाडीचं बूड बसतं, तोंड वर जातं आणि पुढची चाकं हलकी पडतात. मग स्टीअरिंग फिरवा नाहीतर आरती ओवाळा, सारखंच."

भिंगरीचं हसू ओठांवरच राहिलं. स्टीअरिंगबद्दलचं हे तर अगदी आईचं वाक्य होतं, फक्त आरती सोडून.

त्या ट्रेलरचं घरातलं नाव गोगलगाय. पाठीवर घर घेऊन चालणारी. आत दोन फळ्यांचे बिछाने, एक शेगडी, आणि भिंगरीची उंची दरवर्षी जिथे पेन्सिलीने लिहायची ती दाराची चौकट. गेल्या सहलीत एका लांब उतारावर, वळणापाशी, गाडी आईच्या हातात असताना सरळच निघाली होती. वेळेवर सावरली, पण खाली उतरल्यावर आईने किल्ली बाबांच्या हातावर ठेवली. "जी माझं ऐकत नाही ती मी चालवणार नाही. आणि तुमच्या शेजारी बसून देवाचा धावाही करणार नाही." त्यानंतर गोगलगाय विकायचं ठरलं. येत्या रविवारी एक माणूस ती बघायला येणार होता.

"बाबा म्हणतात, सगळ्यात कडक स्प्रिंगा टाकू, गाडी चार बोटं उचलू, मग आई हो म्हणेल," भिंगरी एका दमात म्हणाली.

"एरवी रिकामी गाडी कोण चालवतं?"

"आईच. ती जमिनी मोजते. रोज खड्ड्याखड्ड्यांतून."

"मग तुझे बाबा पायाचं माप न घेता बूट आणणाऱ्यांतले दिसतात. कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीत बसवली की तुझी आई घरी येईल ती उड्या मारत." काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "आधी वजन करून या. सहलीला निघता तसे निघा. पाणी, सामान, माणसं, सगळं. आणि खोटेपणा नको. लोक काट्यावर चढताना पोट आत घेतात."

मैत्रिणी पैज हरल्या होत्या. भिंगरीला ते जिंकणं साजरं करायलाही सवड नव्हती.

शनिवारी सकाळी लाकडाच्या वखारीतल्या वजनकाट्यावर सगळी वरात पोचली. आई यायला तयार नव्हती. "काटा माणसाला घाबरवत नाही, उतार घाबरवतो," असं भिंगरीने सुनावल्यावर निमूट बसली. आधी अख्खा ट्रेलर मोजला: बाराशे किलो. मग गाडीपासून सोडवून त्याच्या नाकाखालचं छोटं चाक तेवढं काट्यावर घेतलं.

एकशे नव्वद.

"काका म्हणाले दहावा हिस्सा पुरे," भिंगरी म्हणाली. "म्हणजे एकशे वीस. बाबा, पुढच्या पेटीत काय भरलंयत?"

"लागणारं सामान," बाबा म्हणाले.

"लागणारं की 'असू दे, लागेल कधीतरी' वालं?" आईने विचारलं.

पेटी उघडली. हत्यारांचा डबा. जॅक. साखळी. आणि ताडपत्रीखाली ओळीने लावलेले बिस्किटांचे सात पत्र्याचे डबे. बाबांनी पटकन ताडपत्री पुन्हा ओढली.

"बाबा!"

"अगं, काही नाही ते."

भिंगरीने डबा उघडला. आत दगड होते. करडे, तांबडे, एक हिरवट. प्रत्येकावर रंगाने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेलं: 'पहिला तलाव', 'वारा फार', 'इथे आई पडली'. ते अक्षर तिचंच होतं. प्रत्येक सहलीतून ती दगड आणायची, हे तिला आठवत होतं. ते नऊ वर्षं प्रत्येक सहलीला सोबत येत होते, हे मात्र तिला ठाऊकच नव्हतं.

"हे काढले का नाहीत कधी?"

बाबा कान खाजवत म्हणाले, "सहा वर्षांची होतीस तेव्हा तूच रडून सांगितलंस, दगडांना घरी एकटं वाटतं. त्यांनाही फिरायला न्यायचं. मी शब्द दिला होता. तू त्यातून मला कधी सोडवलं नाहीस."

आई तोंडावर ओढणी धरून हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरले. "म्हणजे त्या उतारावर मला दगड ढकलत होते! आणि मी मात्र माझ्या हातांना बोल लावत होते."

डबे खाली उतरवले: एकशे तीस. हत्यारांचा डबा मागे चाकांवर सरकवला: एकशे दहा. आईने न विचारता किल्ली उचलली, ट्रेलर जोडून घेतला आणि वखारीच्या उतरत्या रस्त्यावरून एक फेरी मारून आली.

"ऐकते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण मागून अजून डुलते. शॉकअप म्हातारे झालेत."

दुपारी दुकानात काकांनी आकडे ऐकून तीन प्रकारच्या स्प्रिंगा बाकावर मांडल्या आणि भिंगरीला सांगितलं, "घरी जा, ठरव, उद्या सांग. बाबांना नाही, तुला विचारतोय." बाहेर पडताना तिला स्वतःच्या पायांखाली नव्याकोऱ्या स्प्रिंगा असल्यासारखं वाटत होतं.

रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर तिने कप बाजूला सारला आणि खुर्चीवर उभी राहिली.

"खाली उतर आणि बोल," आई म्हणाली.

"नाही, हे उंचावरूनच बोलायचंय. ऐका. मधल्या स्प्रिंगा. कडक नकोत, आईची कंबर आपल्याला अजून खूप वर्षं लागणार आहे. शॉकअप चारही नवे. उचलायची ती दोनच बोटं, बाबा, चेहरा पाडू नका. दगड माझ्या खोलीत राहतील, त्यांना एकटं वाटणार नाही, त्यांची समजूत मी काढीन. 'इथे आई पडली' तेवढा एक सोबत येईल. उतारावर गाडी आई चालवेल. आणि बाबा, त्या बघायला येणाऱ्या माणसाला आत्ता फोन करून सांगा की उगाच खेप घालू नका, आमची गोगलगाय विकायची नाही."