अकरा जणांना पुरून उरलेला

या, जरा जवळ सरका. मागच्यांनीही पुढं या. देवाच्या दयेनं आवाज अजून शाबूत आहे, तोवर एक गोष्ट सांगते. गोड नाही, पण ऐकाच.

म्हाताऱ्यांच्या आश्रमात चार खाटांची एक खोली होती, आणि ती सांभाळायला एक आया. खोलीचा रिवाज असा, की खिडकीजवळची खाट सर्वांत जुन्या माणसाची. खोलीतले दोघं जुने, मास्तर आणि कंपाउंडर; मास्तर महिनाभर आधी आलेले, म्हणून ती त्यांची. तिथून फाटकाचा रस्ता दिसायचा. दर रविवारी लेक वळणावर दिसली, की मास्तर उठून बसत आणि केस सारखे करत.

कंपाउंडरची खाट मोरीला लागून. मधल्या दोन खाटांवरचे अकरा जण त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते. त्यांच्याबद्दल बोलताना त्याला शब्दांचा तोटा नसे. "शिंप्याला मागं टाकला. हमालाला पचवला. पोस्टमनला तर पुरून उरलो." गेलेल्याचा उरलासुरला साबण तो आपल्या साबणाला चिकटवी. त्या बुळबुळीत गोळ्यात कुणाकुणाचे पांढरे केस रुतलेले. आयाला रोज त्या गोळ्यानंच कंपाउंडरची पाठ चोळावी लागे.

"मास्तरांनी आज किती खाल्लं?" तो विचारी.

"तुमच्याहून दोन घास जास्त," ती ठोकून देई.

"मग नखं निळी का? हा तगत नाही. मी टिकणार."

"बूट टिकतात, कंपाउंडरसाहेब," मास्तर म्हणत. "माणसानं जगावं."

एका शनिवारी मास्तरांना तपासायला मोठ्या दवाखान्यात नेलं. स्ट्रेचर फाटकाबाहेर पडलं आणि कंपाउंडर धरून चालला, की मास्तरांचं आटोपलं. संध्याकाळी मास्तर परत येतात तो काय, हा बाबा त्यांच्या खाटेवर, त्यांच्याच दुलईत, त्यांचा कंगवा टकलावरून फिरवतोय.

"उठा," आया म्हणाली.

"मेलेल्याच्या जागेवरून कुणी उठवतं का?"

"मेलेला हा काय, चाकाच्या खुर्चीत बसलाय," मास्तर हसले आणि त्यांना धाप लागली. "राहू दे गं पोरी. भांडण नको."

तिनं दंडाला धरून ओढला असता, तर तो उठला असता. पण तिची कामावरून सुटायची वेळ झाली होती, पाय भरून आले होते. उद्या बघू, म्हणाली, आणि मास्तरांना मोरीजवळ निजवलं.

रविवारी लेक वळणावर आली, तेव्हा खिडकीतून कंपाउंडरनं हात हलवला. मास्तरांसमोर ओली भिंत. "आली का गं?" त्यांनी विचारलं. "आली, जिना चढतेय," आया म्हणाली. ते ऐकायला मास्तर उरले नव्हते.

"बारावा," खिडकीतून आवाज आला.

दुपारी त्यानं जेवायला तोंड वासलं. आयानं भरवलं, तिचं कामच ते. त्याच्या मिटक्या ऐकताना तिला शिसारी आली, आणि स्वतःच्या 'उद्या बघू'ची त्याहून जास्त.

तो अजून आहे. देवानं दिलेलं आयुष्य, आपण कोण नाही म्हणणार? पण रात्री हात जोडाल तेव्हा मास्तरांची एकदा आठवण काढा. लेकीची वाट बघत भिंतीकडे तोंड करून गेले, एवढं देवाच्या कानावर घाला.