सापळ्याचं बिऱ्हाड

"आवडलं ना, आई?"

सूनबाई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत समोर उभी होती. टाकेबाईंच्या मांडीवर चित्रांच्या पत्त्यांची फाइल उघडी होती. फाइल नवी कोरी, तिचे प्लॅस्टिकचे खिसे लख्ख, आणि प्रत्येक खिशातला पत्ता प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरासारखा ताठ. आधी लाल पत्ते, मग निळे, मग हिरवे. कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांप्रमाणे सगळे ओळीनं. चकाकणारे, सहसा न मिळणारे पत्ते मानानं सर्वांत पुढे.

टाकेबाईंनी पान उलटलं. ड्रॅगन मत्स्यकन्येच्या थेट डोक्यावर! बिचारीच्या तळ्याचं पाणी आता उकळत असणार.

"छान केलंस गं," त्या म्हणाल्या. "किती खपलीस! माझ्या हातून कधी झालं नसतं बाई."

पोरीचा चेहरा फुलला. ती हा पत्त्यांचा खेळ शाळेपासून खेळत आलेली. सासूकडे त्याचे पत्ते आहेत म्हटल्यावर तिला आनंदानं काय करू नि काय नको झालं होतं. सासू ड्यूटीवर असताना रजा काढून तिनं हा सगळा घाट घातला होता. आता अशा पोरीला काय सांगणार, की बाई गं, तू माझं गाव उठवलंस?

टाकेबाई एका मोठ्या हॉस्पिटलात कपड्यांच्या खोलीत होत्या. फाटक्या चादरी, उसवलेले झगे, तुटक्या नाड्या, सगळं त्यांच्या मशीनखाली यायचं. "डॉक्टर माणसं शिवतात, मी त्यांच्या चादरी शिवते. माझे पेशंट ओरडत नाहीत, एवढाच फरक," असं म्हणून त्या स्वतःच आधी हसायच्या. टाकेबाई हे नाव तिथलंच.

त्यांचे यजमान बस चालवायचे. एकदा ते रमी खेळायला म्हणून शेवटच्या स्टॉपवरच्या दुकानातून पत्ते घेऊन आले. पाकीट फोडलं तर ना बदाम, ना इस्पिक! आतून निघाली एक नाकाडी चेटकीण, एक पंख मिटून झोपलेला ड्रॅगन आणि एक कंदील लावणारा म्हातारा.

"अहो, हे काय आणलंत? राणी कुठाय?"

"ही काय!" ड्रायव्हरसाहेबांनी चेटकीण पुढे केली. "अगदी तुझं नाक!"

त्या दिवशी दोघं पोट धरधरून हसली. मग ती चित्रं बघत बसली. काय एकेक रंग, काय ते धुकं, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरासुद्धा दिसत होत्या! खेळ दोघांनाही शेवटपर्यंत कळला नाही, कळून घ्यायचाही नव्हता. पगार झाला की एक पाकीट यायचं आणि निघालेल्या मंडळींना फाइलमध्ये घर द्यायचं. कोण कुणाच्या शेजारी राहील, यावर भांडण ठरलेलं. टाकेबाई स्वभाव बघायच्या. घोरणाऱ्या राक्षसाशेजारी लेकुरवाळी नको, चेटकिणीच्या समोर न्यायाधीशच हवा, म्हणजे ती जरा वचकून राहील. ड्रायव्हरसाहेब अंतर बघायचे. जन्मभर शेवटच्या स्टॉपवर ताटकळणारी माणसं पाहिलेली. त्यांचं म्हणणं एकच, "म्हाताऱ्याला इतक्या लांब टाकू नकोस, त्यानं चालायचं किती?"

अशी ती वस्ती वसली. कुठे लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. आपलं गाव आपल्याला पाठ असतं की! ड्रायव्हरसाहेब गेले, तेव्हापासून टाकेबाई फाइल काढायच्या ती नुसती पानं उलटायला. एकेका घरापाशी थांबलं, की तिथलं भांडण जसंच्या तसं ऐकू यायचं. आता घरंच हलली होती. उद्या भांडणंही विसरली तर?

तेवढ्यात मुलगा डोकं पुसत न्हाणीतून आला, फाइलमध्ये डोकावला आणि बोलून बसला, "अगं आई, वस्ती कुठे गेली?"

टाकेबाईंनी डोळे वटारले. पण ज्याला इशारा कळतो तो त्यांचा मुलगा कसला!

"बाबांची वस्ती गं! राक्षस कोपऱ्यात राहायचा, चेटकीण न्यायाधीशासमोर..."

सूनबाईचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे ते असेच भरलेले नव्हते? मला वाटलं, तुम्हाला क्रम माहीत नाही म्हणून... आई, मी काय करून बसले!" डोळ्यांत टचकन पाणी.

"ए वेडाबाई, रडतेस काय?" टाकेबाई तिला जवळ ओढत म्हणाल्या. "तुला कुणी सांगितलं होतं का? आणि तू," त्या मुलाकडे वळल्या, "तोंडाला टाका घालू का तुझ्या?"

सूनबाईनं नाक पुसलं. मग तिनं सतरंजी अंथरली, आणि आपण जीव ओतून लावलेले सगळे पत्ते खिशांतून काढून तिच्यावर पसरले. "सांगा आई. ही चेटकीण कुठे राहायची?"

टाकेबाईंना वाटलं, कशाला सांगायचं? हिला हसू येईल. पण पोर पदर खोचल्यासारखी मांडी ठोकून बसली होती. त्यांनी एक घर सांगितलं. मग दुसरं. मग कुठलं घर कशावरून ठरलं तेही सांगायला लागल्या, आणि एक आठवलं की त्याच्या पाठोपाठ दुसरं आठवे. सूनबाईवर हसून हसून लोळायची पाळी आली. "अहो, हा राक्षस खेळात केवढा भारी आहे माहितीये? लोक याला टरकतात!"

"टरकेनात का. त्याच्या बायकोला विचार, कसा घोरतो तो."

चहा झाला, वर दुसरा चहा झाला. फाइलमध्ये वस्ती पुन्हा भरत आली. आणि शेवटी हातात राहिला सापळा. मोडका भाला खांद्यावर टाकून चाललेला हाडांचा शिपाई. त्याचं बिऱ्हाड सदा पाठीवर, कारण त्याच्याबद्दल दोघांचं कधी जमलंच नाही. आजारपणात ड्रायव्हरसाहेबांनी त्याला शेवटचं हलवलं होतं. उशीला टेकून. काहीतरी म्हणालेही होते, टाकेबाई खूप हसल्या होत्या. ते हसू आठवत होतं. घर आठवत नव्हतं.

त्या पत्ता धरून बसून राहिल्या. "हा गेला गं माझ्या हातचा," त्या हळूच म्हणाल्या. "कुठे ठेवला होता त्यांनी, आठवतच नाही."

सूनबाईनं भीत भीत शेवटच्या पानावरच्या खिशाकडे बोट दाखवलं. "इथे ठेवायचा? पाववालीच्या शेजारी? एकटी आहे ती. रोज दोन पाव जास्तीचे देईल, याच्याही अंगावर जरा मांस चढेल."

"छे, छे! तिथे कशाला?" टाकेबाई उसळल्याच. "गावाच्या पार टोकाला? त्याच्या गुडघ्याला वाटी तरी आहे का! रोज पहिल्या पानावरच्या वेशीवर पहाऱ्याला जायचं, तर चालायचं किती त्यानं?"

"अहो आई, अंतराचं काय घेऊन बसलात? सोबत बघावी माणसानं!"

टाकेबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. हे तर त्यांचं स्वतःचं वाक्य होतं. उभा संसार त्या हेच बोलत आल्या होत्या. आज पहिल्यांदा त्या ड्रायव्हरसाहेबांच्या बाजूनं भांडत होत्या.

"काय झालं, आई? चुकलं का माझं?"

"चुकलं कसलं!" त्यांनी डोळे पुसले आणि सापळा पहिल्या पानावर वेशीजवळ ठोकून ठेवला. "मी अजिबात ऐकणार नाही. सांग बघू, का म्हणून राहील तो टोकाला?"

सूनबाई बाह्या सरसावून पुढे सरकली.