माझ्या भिंतीतली डबी

मित्रांनो, मी एक जुनी बोट आहे. बर्फाची बोट म्हणत मला. म्हणजे मी बर्फाची केलेली नव्हते. माझ्या पोटात मासे गोठवून दूरच्या समुद्रातून जपानातल्या शिमोनोसेकीच्या धक्क्यावर आणत, म्हणून बर्फाची. आणि अशा थंडगार पोटाच्या बोटीचे नाव काय ठेवावे, तर कोहारू मारू! मारू आमच्याकडे बोटींच्या नावामागे लावतातच, पण कोहारू म्हणजे थंडीच्या तोंडावर मध्येच येतात ते चार उबदार दिवस. नाव ठेवणाऱ्याने माझे पोट आतून पाहिले नसावे. हल्ली मी कुठे राहते ते ऐकाल तर हसाल, म्हणून ते शेवटी सांगते.

माझा जन्म युद्धाच्या धामधुमीतला. गोदीत पोलाद कमी, माणसे कमी, घाई मात्र भरपूर. बर्फाच्या बोटीच्या भिंतींत थंडी धरून ठेवायला बूच भरतात. ते कुठून आणणार? मग भाताची तुसे आणली आणि पोतीच्या पोती माझ्या भिंतींत कोंबली. तपासायला आलेल्या नौदलाच्या साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाले, "ही एक वर्ष टिकली तरी पुरे." मी वीस वर्षांहून जास्त टिकले. त्या साहेबांचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही.

गोदीत कुमेजी नावाचा सुतार होता. अंगाने किरकोळ, पण नाक असे की वळणावरून आधी नाक येई आणि मग कुमेजी. आमच्याकडे रीत आहे, नवी बोट पाण्यात सोडण्याआधी सुताराने तिच्यात बोटीची देवी बसवायची. देवी म्हणजे एक लहानशी लाकडी डबी. तिच्यात एका बाईच्या केसांची बट, दोन फासे, थोडी नाणी, एक बाहुला आणि एक बाहुली. ही डबी डोलकाठीच्या बुंध्यात बसवतात. ती असली की बोटीत जीव आला. नसली तर नुसते लोखंड. पण साहेबांचा हुकूम होता, युद्धकाळात असले चाळे नकोत. कुमेजीने मान डोलावली, घरी गेला आणि दुपारची अंमळ आडव्या झालेल्या बायकोची बट कात्रीने कापली.

मला पाण्यात सोडले त्या दिवशी ही बायको, तोमी, डोक्याला फडके घट्ट बांधून धक्क्यावर उभी होती आणि सगळ्या गोदीला ऐकू जाईल अशा आवाजात भांडत होती.

"अहो, मागायची तरी होती! मी काय नाही म्हटलं असतं?"

"नाही म्हटलं नसतंस गं. पण गल्लीभर सांगितलं असतंस."

"आणि नेमकी समोरचीच कापली? मागची कापली असती तर कुणाला दिसलं असतं?"

"देवीला समोरचीच लागते," कुमेजी म्हणाला. ही शुद्ध थाप होती.

"बरं, ठेवलीत कुठे ते तरी सांगा."

"तुला? म्हणजे संध्याकाळच्या आत साहेबांना कळायचं!"

त्याने खरोखर कुणालाच सांगितले नाही. डबी त्याने डोलकाठीत ठेवलीच नव्हती. माझ्या मागच्या कोठाराच्या भिंतीत, फळीच्या आड, तुसांमध्ये ती खुपसली होती. हे जगात दोघांनाच ठाऊक होते, कुमेजीला आणि मला, आणि मला बोलता येत नव्हते.

युद्धातल्या माझ्या पराक्रमाबद्दल विचाराल तर मी भोपळे वाहिले. थंडी पाडणारे यंत्र युद्ध संपेपर्यंत आलेच नाही, त्यामुळे बर्फाच्या कोठारात कधी कोळसा, कधी भोपळे. भोपळे सुखरूप पोचले, एवढे मात्र अभिमानाने सांगते. कुमेजीला मात्र सैन्यात बोलावले आणि दक्षिणेच्या बेटांवर पाठवले. मागे शहरावर बाँब पडले, त्यात तोमीचे घर गेले. लग्नाचा फोटो, त्याची हत्यारे, कपडे, सगळे जळाले. युद्ध संपल्यावर तिच्या हातात पांढऱ्या कापडात बांधलेली एक पेटी आणून दिली. त्यात तिच्या नवऱ्याच्या अस्थी असायला हव्या होत्या. उघडली तर आत समुद्रकाठचा एक दगड. तेव्हा असे पुष्कळ घरांत झाले. मित्रांनो, त्या काळाबद्दल मला याहून जास्त बोलवत नाही.

मग माझे खरे दिवस आले. यंत्र बसले, पोट थंड झाले आणि मी पूर्व चीनच्या समुद्रातून बांगडे आणू लागले. माझे कप्तान होते उराबे. देवभोळे इतके की शिंक आली तरी दिशा बघायचे. यंत्रे सांभाळायला इसोजाकी. त्यांचा विश्वास फक्त तेलावर आणि पान्यावर. या दोघांचे भांडण रोज जेवताना होई, कारण आमच्याकडे बोटीवर भातावर सार ओतून खात नाहीत. तसे केले तर बोटीत पाणी शिरते म्हणतात. इसोजाकी मुद्दाम कप्तानांसमोर बसून मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे, सार भातावर ओतायचे आणि भुरके मारायचे.

"इसोजाकी, माझ्या बोटीवर हे चालायचं नाही!"

"कप्तानसाहेब, मी भात बुडवतोय, बोट नाही."

तिसरी तोमी. तिने धक्क्यावर उदोनच्या शेवयांचे टपरीवजा दुकान टाकले होते. मी बंदरात आले की झारा हातात घेऊन बाहेर येई आणि मला ओरडून विचारी, "काय गं, माझे केस नीट आहेत ना?" खलाशी हसत. इसोजाकी म्हणत, "वहिनी, लोखंडाशी बोलताय तुम्ही. हिच्यात देवीबिवी काही नाही. डोलकाठी मी स्वतः उघडून पाहिलीय."

"माझ्या नवऱ्यानं बसवलीय म्हणजे बसवलीय. तुम्ही शेवया खा, गार होतायत."

तिला माझ्यावर कधी पाऊल ठेवू दिले नाही, हे सांगायला हवे. एकटी बाई बोटीवर आली तर देवीला हेवा वाटतो, असा कप्तानांचा ठाम विश्वास. तोमीने एकदा विचारले होते, "माझ्याच केसांना माझाच हेवा वाटणार होय?" कप्तानांनी यावर दोन दिवस विचार केला आणि तरी नाहीच म्हणाले.

आता माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट. एकदा बांगड्यांनी पोट तुडुंब भरून परत येत होते, आणि माझ्या अंगातून आवाज येऊ लागला. चिन् चिन्. चिन् चिन्. बोटीची देवी अशी किणकिणते, ती तुफानाची सूचना असते, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. कप्तानांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तडक मला जवळच्या बेटाच्या बंदरात घातले. तिथे वारा नाही, ढग नाही, असे लख्ख ऊन की खलाशांनी अंथरुणे वाळत घातली. इसोजाकी हसून हसून बेजार झाले. "काय तुफान आहे हो! माझा रुमाल सुद्धा हलत नाहीये."

एवढ्यात यंत्राचे बेअरिंग फुटले आणि थंडी बंद पडली. भर समुद्रात हे झाले असते तर सगळे बांगडे सडले असते आणि वासाने आम्हांला कुणी बंदरात घेतले नसते. पण इथे धक्क्याला लागूनच बर्फाचा कारखाना होता. बर्फ आला, मासे वाचले.

"बघितलंत? देवीनं सांगितलं," कप्तान म्हणाले.

"बेअरिंग होतं ते, कप्तानसाहेब. तुफान नव्हे."

"मग देवीनं बेअरिंगचं सांगितलं!"

खरे काय ते मी सांगते. बेअरिंग झिजले की यंत्र वाकडेतिकडे थरथरे, ती थरथर भिंतीत जाई आणि डबीतले फासे नाण्यांवर आपटत. म्हणजे दोघांचेही बरोबर होते, आणि दोघांनाही ते कळले असते तर फार वाईट वाटले असते. त्यानंतर किणकिण झाली की इसोजाकी कुणाचे लक्ष नाही असे बघून यंत्रघरात शिरत आणि तेल घालून येत. वर विचारले तर म्हणत, "उंदीर आहेत, उंदीर."

अशी वर्षे गेली. पांढऱ्याशुभ्र, भरधाव नव्या बोटी आल्या. त्यांच्या भिंतींत काहीतरी परदेशी फेस भरलेला. माझी तुसे खाली बसली, थंडी गळू लागली. माझे कौतुक करणारे लोक नाकाला रुमाल लावू लागले. शेवटी मला मोडणाऱ्यांच्या किनाऱ्यावर नेऊन टेकवले. कप्तान आणि इसोजाकी दोघेही तेव्हा नोकरीतून मोकळे झालेले, पण निरोप द्यायला आले.

मोडणाऱ्यांचा मुकादम होता हातादा. त्याच्याकडेही रीत होती. "देवी आत असली तर माझा माणूस लोखंडाला ज्योत लावणार नाही. आधी ती काढा."

"नाहीच आहे," इसोजाकी म्हणाले.

"आहे!" मागून आवाज आला. तोमी आली होती, पिठाच्या हातांनी, दुकान तसेच उघडे टाकून. केस आता सगळे पिकले होते.

सगळ्यांनी शोधले. डोलकाठी पुन्हा उघडली, सुकाणूखालच्या फळ्या उचकटल्या. काही नाही. हातादा अस्वस्थ झाला. "बाई, जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबतो. मिळाली नाही तर ती नव्हतीच असं धरतो. पहिल्यांदा भिंतींतली तुसं पेटवणार. त्याशिवाय कापता येत नाही."

हे ऐकून तोमी मटकन वाळूतच बसली. एवढी तोंडाळ बाई, पण आवाज अगदी बारीक झाला. "त्यांचं काहीच उरलं नाही हो माझ्याकडे. पेटी आली, त्यात दगड. ती डबी तेवढी त्यांच्या हातची आहे." मला तेव्हा बोलता यावे असे इतके वाटले, मित्रांनो, की मी असेल नसेल तेवढ्या जोराने कुरकुरले. सगळ्यांना वाटले, गंजलाय पत्रा.

इसोजाकींनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग हळूच म्हणाले, "कप्तानसाहेब, ते उंदीर... उंदीर नव्हते."

"म्हणजे?"

"यंत्र वाकडं चाललं की तो आवाज यायचा. यंत्र अजून जागेवर आहे. मी ते वाकडं चालवतो. तुम्ही भिंतींना कान लावा."

जन्मभर ज्या माणसाने माझे यंत्र सरळ चालावे म्हणून जीव टाकला, त्यानेच पाना घेऊन बेअरिंग सैल केले. कप्तानांनी तोमीकडे पाहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "तोमीबाई, वर या. देवीची काय ती समजूत मी काढीन." अशी ती पहिल्यांदा माझ्यावर चढली. यंत्र धडधडले, खोकले, वाकडे झाले आणि थरथर भिंतीत शिरली. पूर्ण शक्ती लावून मी ती मागच्या कोठारापर्यंत नेली.

चिन् चिन्.

"इथे!" तोमी ओरडली. तिने कुणाची वाट न पाहता फळी उचकटली. ढीगभर तुसे तिच्या अंगावर कोसळली, आणि त्यांतून डबी निघाली.

केस अजून काळेभोर होते. तिने ते बोटांवर घेतले, स्वतःच्या पांढऱ्या केसांजवळ धरून पाहिले. "एवढे काळे होते माझे? मेल्यानं चांगलीच कापली होती." मग तिने बाहुल्या काढल्या. बाहुली साधीच होती. बाहुला पाहिला आणि तिचा हात थांबला. इवलासा लाकडी माणूस, पण नाक एवढे मोठे की डबीत मावावे म्हणून कुमेजीने झाकणाला आतून खाच पाडली होती!

तोमी हसायला लागली. हसता हसता ती रडू लागली आणि रडता रडता पुन्हा हसली. "अहो, हे नाक! इथे बसला होतात होय तुम्ही! आणि मी रोज धक्क्यावरून बोंबलत होते!"

कप्तानांनी डोळे पुसले आणि रीत आठवली. "तोमीबाई, काढलेली देवी देवळात नेऊन अग्नीला द्यायची असते."

तोमीने डबी छातीशी धरली. तेव्हा इसोजाकी मध्ये पडले. "कोणती देवी? देवीबिवी काही नसतं, कप्तानसाहेब. मी जन्मभर सांगतोय. ही वहिनींच्या नवऱ्यानं केलेली साधी डबी आहे. घरी न्या, वहिनी." हे बोलताना त्यांनी डबीला नकळत हात जोडले होते. कप्तानांनी ते पाहिले, आणि पहिल्यांदाच वाद घातला नाही.

माझे लोखंड पुढे वितळवले. त्याचे खिळे झाले, सळया झाल्या, मला त्याचे दुःख नाही. माझा जीव डबीत, म्हणून मी आता तोमीच्या उदोनच्या दुकानात, सोया सॉसच्या बाटल्यांच्या वरच्या फळीवर राहते. तुम्ही हसणार हे मी आधीच म्हटले होते. इसोजाकी रोज जेवायला येतात, कप्तानांसमोर बसतात आणि सार वेगळ्या वाटीत मागतात. विचारले तर म्हणतात, वैद्याने सांगितलेय.

मित्रांनो, कुठलीही जुनी वस्तू मोडीत घालण्याआधी तिच्या भिंतीला एकदा कान लावून बघा. एवढेच मागते.

जेवणाच्या वेळी मोठे पातेले उकळू लागले की फळी थरथरते आणि डबीतले फासे किणकिणतात. तोमी पाठमोरीच असते, शेवया उपसत असते. मागे वळूनही न पाहता म्हणते, "अहो, ऐकतेय. ऐकतेय मी."